प पापलेटचा

नोकरी सोडली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. लोकांना वाटतं, असा निर्णय घेण्याआधी माणूस तळमळतो, रडतो, देवाला कौल लावतो. माझं तसं काही झालं नाही. एका बुधवारी जेवणानंतर मी राजीनामा लिहिला, पाठवला आणि अडीचच्या मीटिंगला जाऊन बसले. कुणाचा तरी वाढदिवस होता, समोसे मागवले होते. ते थंड झाले होते. मी दोन खाल्ले.

शिक्षणानं मी स्पीच थेरपिस्ट. तोतरं बोलणारी मुलं, झटका येऊन जीभ जड झालेली माणसं, यांना बोलायला शिकवायचं हे माझं मूळ काम. सुरुवातीची दोन वर्षं मी तेच केलं. मग लोअर परळच्या एका टॉवरमधल्या कंपनीनं मला बोलावलं. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांसाठी फोनवर बोलणारी माणसं तयार करायची. पगार तिप्पट होता. मी गेले आणि चौदा वर्षं राहिले.

तिथे मी आवाज शिकवायचे. विमा कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाला फोन करून सांगतो, की तुमच्या ऑपरेशनचा क्लेम नामंजूर झालाय. ते सांगताना आवाज कुठे खाली आणायचा, ‘मी समजू शकते’ हे कधी म्हणायचं, म्हटल्यावर किती थांबायचं.

“दीड सेकंद,” मी सांगायचे. “कमी थांबलात तर खोटं वाटतं. जास्त थांबलात तर समोरचा रडायला लागतो.”

पोरंपोरी वहीत लिहून घ्यायची. सहानुभूतीला दहापैकी गुण असायचे आणि ते मी द्यायचे. तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं, असं आज म्हणणं सोयीचं आहे. पण वाटत नव्हतं. काम चोख होतं, कॅन्टीन चांगलं होतं, दादरचा आमचा फ्लॅट त्याच पगारावर झाला होता.

आई-बाबा काळाचौकीला, चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत राहायचे. बाबांनी सगळं आयुष्य छापखान्यात मशीनवर काढलं, पण काळाचौकीत त्यांची ओळख होती ती माईकमुळे. गणपतीचे दहा दिवस मंडळाचा माईक त्यांच्या हातात असायचा. गर्दीत हरवलेली मुलं त्यांच्यापाशी आणून बसवायचे आणि ते अनाउन्समेंट करायचे. “लाल फ्रॉक घातलेली, नाव सांगत नाही पण शंकरपाळी खातेय, अशी एक मुलगी आपल्याकडे आहे. आईनं घाबरू नये. सावकाश यावं.” दुसऱ्या मंडळांचे लोक माईकवर ओरडायचे. बाबा बोलायचे.

त्यांचा घसा बसला तेव्हा काही महिने सुंठ-मधावरच काढले. मग परळच्या हॉस्पिटलात दाखवलं. कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं.

स्वरयंत्र काढलं की माणूस नाकानं श्वास घेत नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवतात, श्वास तिथून. आवाज जातो. कुजबुजसुद्धा जाते, कारण फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही. पण अशा माणसाला पुन्हा बोलता येतं. गळ्याला लावायचं मशीन मिळतं, ते गुणगुणतं आणि आपण नुसते ओठ हलवायचे. किंवा श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये एक छोटी झडप बसवतात, मग भोकावर बोट दाबून बोलायचं. तिसरी रीत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अवघड. थोडी हवा घशात घ्यायची, ढेकर यावी तशी परत सोडायची आणि त्या ढेकरेवर शब्द बसवायचा. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मोठा प्रश्न आला होता आणि मी तो छान लिहिला होता.

ऑपरेशननंतर आई-बाबा आमच्याकडे दादरला आले. मी तेव्हा घरून काम करत होते. बाबांनी पोरांची असते तशी पाटी आणवली होती. त्यावर लिहायचे. भाजीत मीठ नाही. पंखा कमी कर. मशीन त्यांनी दोन दिवस लावलं आणि ठेवून दिलं. पाटीवर मालवणीत लिहिलं, “मीच माका घाबरतंय.”

एके दिवशी मी कानाला हेडफोन लावून बसले होते, तर पाटी माझ्या लॅपटॉपसमोर आली. त्यावर एकच शब्द होता. “शिकव.”

मी माझा आवाज म्यूट केला. म्हटलं, “शनिवारी बसू हां, बाबा.”

त्यांनी मान हलवली.

तो शनिवार कामात गेला. पुढचाही. तिसऱ्या शनिवारी आम्ही खरंच बसलो, आरशासमोर. मी त्यांना हवा आत कशी ओढायची ते दाखवलं. त्यांना ठसका लागला. भोकातून कफ आला, तो त्यांनी रुमालानं टिपला आणि पुन्हा सरळ बसले. एवढ्यात माझा फोन वाजला. मी गॅलरीत गेले ते पाऊण तासानं आत आले. बाबा आईबरोबर मेथी निवडत होते. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सात महिन्यांनी त्यांच्या छातीत इन्फेक्शन झालं आणि चार दिवसांत ते गेले.

मी रडले नाही. पाचव्या दिवशी मी ऑफिसचा एक फोन घेतला, कारण तो बरेच दिवस ठरलेला होता. नातेवाईक म्हणाले, पोरगी धीराची आहे. तो धीर नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा असतो, आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं झालं होतं. मी जेवत होते, झोपत होते, झोप चांगली लागत होती. आई काळाचौकीला परत गेली.

दीडेक महिन्यानं बाबांचं मशीन परत करायला मी हॉस्पिटलात गेले. ते वापरायला दिलेलं होतं, परत केलं की दुसऱ्या पेशंटला मिळतं. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली, भिंतीवर लांब आरसा, समोर बाकं. बाकांवर गळ्याला रुमाल बांधलेली दहाबारा माणसं. तिथल्या मोठ्या मॅडम साठीला आलेल्या, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. त्यांनी बाबांचं कार्ड पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे ती मुलगी तू.”

“कोण मुलगी?”

“तुझ्या बाबांना आम्ही तीनदा क्लासला बोलावलं. दर वेळी पाटीवर लिहायचे, माझी मुलगी यातली मोठी तज्ज्ञ आहे, ती मला घरी शिकवते. शेवटच्या वेळी मी म्हटलं, मग काहीतरी बोलून दाखवा की. तर लिहिलं, तयारी चालू आहे.”

त्यांना वाटलं असेल, मला ऐकून बरं वाटेल. त्या हसत होत्या. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं जरा वाकलेलं होतं. मी विचारलं, “सही कुठे करायची?”

त्यांनी जागा दाखवली. मी सही केली.

“तुझा कोर्स झालाय ना?” त्या म्हणाल्या. “माझी असिस्टंट बाळंतपणाच्या रजेवर आहे. एवढी माणसं आणि मी एकटी. त्या मावशींकडे बघतेस जरा? अर्धा तास.”

तासाभरात माझी मीटिंग होती. नाही म्हणायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं. बसायला काहीच सांगावं लागणार नव्हतं. मी बसले.

मावशी कोळीण होत्या, दादरच्या मंडईत मासे विकणाऱ्या. काठाचं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्याला सुनेनं शिवलेला फुलाफुलांचा रुमाल. त्यांना लिहिता येत नव्हतं. बाकीच्यांकडे वही तरी होती. मावशींकडे सून होती. मावशी ओठ हलवायच्या आणि सून त्याचा अर्थ सांगायची. अर्थ चुकला की मावशी तिच्या दंडावर चापट मारायच्या.

“मशीन दिलंय हो,” सून म्हणाली. “पण एका हातात मासा, दुसऱ्या हातात कोयता. मशीन धरणार कुठल्या हातानं?”

“आणि झडप?”

“बोटाला माशाचं पाणी, तेच बोट गळ्यावर ठेवणार? डॉक्टरच नको म्हणाले.”

म्हणजे तिसरी रीत. ढेकरेची.

“मी म्हणते, धंद्यावर मी बसते, तुम्ही घरी आराम करा,” सून पुढे म्हणाली. या वेळची चापट जोरात होती.

अर्ध्या तासात काही झालं नाही. पुढच्या शनिवारी मी परत गेले. का गेले, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

या रीतीत आधी प, ट, क अशी अक्षरं घेतात. ओठ किंवा जीभ घट्ट मिटून उघडली की हवा आपोआप घशात ढकलली जाते. मी आरशासमोर बसून “पा, पा, पा” करत होते. मावशींनी थोडा वेळ केलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की सुनेला काही सांगावंच लागलं नाही. ही काय मला पाळण्यातली समजते?

“बरं,” मी म्हटलं. “मंडईत काय काय विकता ते सांगा.”

त्यांनी ओठांनी यादी सांगायला घेतली. पहिल्याच शब्दाला ओठ दोनदा मिटलेले मी पाहिले. पापलेट. त्यात दोन प आणि शेवटी ट. पुस्तकात शोधून सापडला नसता असा शब्द. कोळंबी, बांगडा, बोंबील, सगळं आमच्या उपयोगाचं. सुरमईचा स अवघड, ती नंतर. मी म्हटलं, “मावशी, पापलेट म्हणा. दुसरं काही नको. फक्त पापलेट.”

पाच शनिवार गेले. पाचव्या शनिवारी मावशींनी ओठ मिटले, हनुवटी आत घेतली, आणि बेडकाच्या आवाजात एक शब्द बाहेर आला. “पाप.”

मग बाकावरचा एक म्हातारा हसायला लागला, मग सगळेच. आवाज नसलेली माणसं हसतात तेव्हा खांदे हलतात आणि गळ्याच्या भोकातून फसफस हवा निघते, तेवढंच. मावशी सगळ्यात जास्त हसत होत्या. आणि मधेच पुन्हा, “पाप.” मोठ्या मॅडम आतून ओरडल्या, “कुणाचं पाप गं?”

मला तेव्हा आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही झालं नाही. फक्त बाहेर आल्यावर लक्षात आलं, की दोन तासांत मी फोनला हात लावला नव्हता.

त्याच सुमारास कंपनीनं एक नवा विभाग काढला. आता फोनवर माणसं नाही, कॉम्प्युटर बोलणार होता, मराठीत आणि हिंदीत, आणि तो माणसासारखा वाटायला हवा होता. त्या विभागाची मुख्य म्हणून मला विचारलं. आमचा साहेब माझ्याहून लहान, स्वभावानं सरळ. म्हणाला, “आवाज तुझ्याइतका कुणाला कळत नाही.” त्याला गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. बुधवारी मी राजीनामा दिला.

संध्याकाळी त्यानं केबिनमध्ये बोलावलं. “तुला बर्नआउट झालंय. दोन महिने सुट्टी घे.”

“सुट्टीत काय करू?”

“झोप मस्त.”

“झोप येते मला.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. तो गप्प राहिला. मी सवयीनं सेकंद मोजले.

नवऱ्याला घरी सांगितलं. हॉस्पिटलच्या ट्रस्टनं मोठ्या मॅडमच्या सांगण्यावरून मला तिथल्या कामासाठी जो पगार कबूल केला होता, तोही सांगितला. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाबांसाठी करतेयस का हे?”

“माहीत नाही.”

“तिथे बरं वाटतं तुला?”

“नाही. पण तिथे मला बसवतं. दुसरीकडे आता बसवत नाही.”

त्यानं चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाला, “गाडी विकून टाकू. तशीही खाली उभीच असते.” चांगला माणूस आहे. पण पुढच्या काही महिन्यांत, बाहेर जेवायला जाणं बंद झालं, सुट्टीतलं फिरणं रद्द झालं, तेव्हा एकदा भांडताना म्हणालाच, “समाधान तुझं एकटीचं आणि काटकसर सगळ्यांची.” समाधान म्हणण्यासारखं माझ्याकडे काही असतं तर त्यातलं अर्धं मी त्याला दिलं असतं.

आईला सांगायला काळाचौकीला गेले. ती तव्यावर बांगडे टाकत होती. मी सगळं सांगितलं, हॉस्पिटल, क्लास, मावशी. ती तव्याकडेच बघत होती.

“आता शिकवतलंस?”

“हो.”

“लोकांका.”

“हो, आई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बांगडा उलटला, कडेनं तेल सोडलं. म्हणाली, “जेवन जा.” मी पाट घेतला आणि जेवले. त्या विषयावर आम्ही तेवढंच बोललो आहोत, आजपर्यंत.

मावशी अकरा महिन्यांनी मंडईत परत बसल्या. तोवर त्यांना सुरमईसुद्धा यायला लागली होती. या रीतीत आवाज मोठा निघत नाही आणि मंडईत मोठ्या आवाजाशिवाय चालत नाही. त्यावर त्यांच्या मुलानं उपाय काढला. क्लासेसचे मास्तर लावतात तसला छोटा माईक तोंडाशी आणि स्पीकर कमरेला. दोन्ही हात मोकळे. मावशींनी मला रविवारी यायचं बजावून सांगितलं होतं.

मी गेले तेव्हा गर्दी होती. मावशी पाटावर बसून कोयत्यानं मासे कापत होत्या, सून मागे बर्फ फोडत होती. स्पीकरमधून तो आवाज येत होता, खरखरीत, तुटक. “पापलेट… ताजा… या.” नेहमीची गिऱ्हाइकं समोर उभी होती. त्यांच्यामागे दोघं जण थांबले, चाळिशीचे, हातात पिशव्या. त्यातल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि बेडकासारखं तोंड करून म्हणाला, “पापलेऽऽट.” दोघं हसले.

माझ्या कानात एकदम गरम झालं. मी पुढे कधी झाले ते मला कळलं नाही. “हसायला काय झालं? काय झालं हसायला?” माझा आवाज फाटला. चौदा वर्षं लोकांना आवाज ताब्यात ठेवायला शिकवणारी मी, मंडईत किंचाळत होते. “तुझ्या घशात भोक पाडलं तर बोलशील का तू एवढं? बोलशील?”

तो माणूस दचकून मागे झाला. लोक बघायला लागले. मावशींनी कोयता खाली ठेवला नाही, नुसता हलवून मला बाजूला व्हायची खूण केली. मग त्या माणसाकडे बघून, मधे दोनदा हवा घेत, त्या म्हणाल्या, “पापलेट… सातशे. हसलास… आठशे.”

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. तो माणूसही ओशाळून हसला. म्हणाला, “चुकलं, मावशी.” त्यानं एक जोडी घेतली. मावशींनी ती नीट साफ करून दिली, त्यानं सांगितले तसे तुकडे पाडून, आणि पैसे सातशेच घेतले.

मला सुनेनं मागे बर्फाच्या पेटीवर बसवलं. पाणी दिलं. बाबा गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी झालं होतं, आणि तो राग होता. त्या फालतू माणसावर एवढा राग कुणाला येत नाही, हे मलाही कळत होतं. मी तिथे बसून मावशींच्या पाठीकडे बघत राहिले. घरी येईपर्यंत ते ओसरलं. संध्याकाळी पुन्हा गाल बधिर होता तसाच. पण कुठे आहे तो दुखणारा भाग, ते एकदा समजलं होतं.

याला आता दोन वर्षं झाली. मी हॉस्पिटलातच आहे. मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या, त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. जुन्या ऑफिसमधली मुलगी परवा भेटली, तिनं विचारलं, “मॅम, आता एकदम फुलफिलिंग वाटत असेल ना?” मी म्हटलं, “जेवणाला वेळ मिळत नाही.” तिला ते होकारार्थी वाटलं. असेलही. सगळ्यांना बोलता येत नाही. काही जण चार महिने येतात आणि पाटीवरच राहतात. काही येणं बंद करतात आणि मग फोन केला की घरचे सांगतात, ते गेले. त्या दिवशीही पुढच्या पेशंटला मी आरशासमोर बसवते.

मंगळवारी मंडईत गिऱ्हाईक कमी, म्हणून मावशी दुपारी क्लासला येतात, नव्या बायकांशी बोलायला. गेल्या मंगळवारी नायगावची एक बाई आली होती, ऑपरेशनला महिनाही झाला नव्हता. पदर गळ्याभोवती घट्ट आवळलेला, मान भिंतीकडे. बरोबर आलेली बहीण म्हणाली, ही आरशात बघतच नाही, घरातले सगळे आरसे झाकून ठेवलेत. मी काहीतरी समजावायला लागले. मावशींनी मला हातानं थांबवलं. त्या तिच्याशेजारी जाऊन बसल्या, आपला रुमाल सोडला, तिचा हात धरला आणि तो आपल्या गळ्याच्या भोकाजवळ नेला. श्वास बाहेर आला तो त्या बाईच्या तळव्यावर लागला असणार. तिनं हात काढला नाही.

“गरम… हाय ना?” मावशी म्हणाल्या.

त्या बाईनं हळूच मान वळवली. मी रजिस्टर उघडून तिचं नाव लिहून घेतलं आणि तिला रोज अकराची वेळ दिली.